पाळ फुटली त्या सालची नावं

कुंता मारबते माझ्या वर्गात आली तेव्हा तिच्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून बाकीच्या मुली तिच्याजवळ बसत नसत. खरं म्हणजे तिच्या घरी मासळी क्वचितच शिजायची. तिचा बाप पत्रू धानाची शेती करायचा. पण ढिवराची पोर म्हटली की वास येणारच, असं पळसगोंदीनं ठरवलेलं होतं, आणि पळसगोंदीत एकदा ठरलेली गोष्ट कोणी पुन्हा तपासत नसे.

चांदा जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तहसिलीतलं हे गाव. गावाला मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या, वेळचा मोठा तलाव. मालगुजारी जाऊन सहा वर्षं झाली होती, तलाव सरकारचा झाला होता, तरी लोक त्याला मालगुजाराचा तलावच म्हणत. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, ढिवरटोली, पंचेचाळीस घरांची. मी सत्तावन साली तिथं हेडमास्तर म्हणून गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट खटकली. तलाव भरलेला, मासळी उड्या मारते आहे, आणि ढिवर लोक जाळी खांद्यावर टाकून चार कोस लांबच्या नाल्यावर जातात. मी कारण विचारलं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, आणि सगळ्यांनी ते एकाच चालीत दिलं.

तापाच्या सालाच्या, म्हणजे एकोणीसशे अठराच्या, दोन वर्षं आधी भादव्यात तलावाची पाळ फुटली होती. इस्तारी नावाच्या ढिवरानं मासळीच्या लोभानं कुदळीनं पाळ फोडली. पाणी टोलीवरून गेलं, माणसं मेली. इस्तारीला सजा झाली आणि तो जेलमध्येच तापात गेला. तेव्हापासून मालगुजारानं ढिवरांना तलाव बंद केला. आता मालगुजार नव्हता, पण बंदी होती. सरकार लिलाव करी आणि बाहेरचा ठेकेदार घेई. गावात पोरगं खोड्या करायला लागलं की आई म्हणायची, "इस्तारी झाला का रे तू?" ढिवरांच्या आयाही तेच म्हणायच्या.

त्या वर्षी सत्तावनच्या उठावाची शताब्दी होती. चांद्याच्या एका शिक्षण मंडळानं जिल्ह्यातल्या शाळांसाठी इतिहास संशोधनाची स्पर्धा काढली. पत्रक आलं ते मी तीनदा वाचलं. आमच्या काळी इतिहास म्हणजे राजांची नावं आणि लढायांची सालं. या पत्रकात लिहिलं होतं: विषय आपल्या गावातला घ्यावा. पुस्तकातून उतरवू नये. किमान तीन वृद्धांना भेटावं. एक तरी लेखी पुरावा जोडावा. निवडक पाच विद्यार्थ्यांना चांद्याला बोलावून निबंध वाचायला लावतील.

सातवीतल्या अकरा मुलांनी नावं दिली. महिनाभर माझी शाळा शाळेसारखी राहिली नाही. मुलं सुतळीनं विहिरी मोजू लागली, वेशीबाहेरच्या वीरगळांवरचं शेवाळ खरवडू लागली, म्हाताऱ्यांना बाजेवरून उठवून प्रश्न विचारू लागली. ज्या मुलाला पाच ओळी धड लिहिता येत नव्हत्या त्यानं गावदेवीच्या ओट्यावर दोन पानं लिहिली. मी भारावून गेलो होतो. मुलांना मी एकच गोष्ट शिकवली: वहीच्या पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे ऐकलेलं लिहा, उजवीकडे पाहिलेलं आणि वाचलेलं. दोन्ही जुळलं तर पुढं जा. जुळलं नाही तर आणखी एकाला विचारा.

कुंतानं विषय घेतला तलावाचा.

"ढिवराच्या पोरीनं हा विषय घ्यावा?" मी विचारलं. मला वाटलं, तिला बोलणी खावी लागतील.

"मले पाहाचं हाये गुरुजी," ती म्हणाली. "एवढी लोकं मेली म्हंतेत. किती मेली, कोनालेच सांगता येत नाई. आमच्या टोलीत बी नाई."

उंचीनं लहान, रंगानं काळी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं थेट पाहणारी मुलगी. हसायची कमी. घरचं शेण-पाणी करून शाळेत यायची आणि वही मात्र कधी ओली किंवा मळलेली नसायची.

प्रथम आम्ही पटवाऱ्याकडं गेलो. त्याच्या दप्तरात गावचा जुना वाजिब-उल-अर्ज होता. बंदोबस्ताच्या वेळी सरकारनं गावातले हक्क आणि रीती लिहून ठेवलेला हा कागद. मोडी मला येत होती. मी वाचत गेलो, ती उतरवत गेली. ढिवर लोक तलावात मासे मारतील व शिंगाडा लावतील. त्याबद्दल तुडूम व सांडवा यांची राखण करतील. दुरुस्ती मालगुजारानं करावी. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडण्याची दगडी मोरी. तिच्या पायऱ्यांना भोकं असतात आणि त्यात लाकडी खुंटे ठोकलेले असतात. खुंटा काढला की पाणी शेताकडं जातं.

कुंतानं पेन्सिल थांबवली. "राखन ढिवरायचीच होती गुरुजी. मासे बी त्यायचेच होते. मंग त्यानं पाळ फोडून का भेटनार होतं त्याले?"

मी म्हणालो, "प्रश्न वहीत लिही."

मग कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवाल आपल्या बुकात लिहून आणी आणि ठाण्यावर त्याची नोंद होई. आमचा कोतवाल चैतू हा गोंड. त्याचा बाप त्या साली कोतवाल होता. चैतूच आम्हाला ठाण्यावर घेऊन गेला. मुन्शीनं धूळ झटकून एक गठ्ठा समोर टाकला आणि सांगितलं, बसा आणि पाहा.

भादव्यातल्या त्या एका तारखेखाली ओळीनं नोंदी होत्या. बुडून. बुडून. बुडून. कुंतानं मोजल्या, तेवीस. एकोणीस ढिवरटोलीतल्या, चार गावातल्या. ती एकेक नाव उतरवत होती. चौदाव्या आणि पंधराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

झिबल, बापाचं नाव इस्तारी, वय सहा. सगुना, बापाचं नाव इस्तारी, वय तीन.

तिनं दोन्ही नावं उतरवून घेतली. मग तिनं मला विचारलं, "त्याचं घर पाळीखालतं होतं ना?"

"टोलीतच होतं," चैतू म्हणाला. "पयलं घर. तुडुमाच्या खाली."

"मंग आपले लेकरं झोपली असता तो पाळ फोडन का?"

एकेचाळीस वर्षं हे बुक ठाण्यात पडून होतं. कोर्टात हा प्रश्न कोणी विचारला होता की नाही, मला माहीत नाही. गावात तरी कोणी विचारला नव्हता. चौदा वर्षांच्या मुलीनं तो मुन्शीच्या टेबलाजवळ उभं राहून विचारला. खरं सांगतो, त्या वेळी मला आनंद झाला. माझी विद्यार्थिनी चांद्याला जाणार, असं माझ्या मनात आलं. पुढं काय आहे याची मला कल्पना नव्हती, आणि मी ती केलीही नाही.

इस्तारीची बायको रुखमा जिवंत आहे असं चैतूनं सांगितलं. नवऱ्याला धरून नेल्यावर ती माहेरी गेली ती परत आलीच नाही. माहेर पाच कोसांवर, जंगलातल्या वाटेनं. एका रविवारी चैतू, कुंता आणि मी पायी गेलो. भावाच्या घरामागं सिंधीच्या पानांनी शाकारलेल्या खोपटात ती राहत होती. पासष्टीच्या पुढची, वाळलेली बाई. आम्ही पळसगोंदीचे म्हटल्यावर तिनं बसायलाही सांगितलं नाही. चैतूच्या बापाचं नाव ऐकल्यावर जरा नरमली.

कुंतानं विचारलं आणि ती सांगत गेली. आवाज चढला नाही की रडली नाही.

त्या सालच्या उन्हाळ्यात मालगुजारानं सांडव्यावर दगड-माती घालून तो हातभर उंच केला होता. जास्त पाणी तुंबवायचं आणि वरच्या अंगाला नवी धानाची जमीन करायची. भादव्यात पाऊस लागला. तीन दिवसांत पाणी पाळीच्या डोक्याला आलं. इस्तारी आणि टोलीतली चार माणसं, पुढं पुरात गेलेली, मालगुजाराकडं गेली. सांडवा मोकळा करा, निदान तुडुमाचे सगळे खुंटे काढू द्या. दिवाणजी म्हणाला, खालच्या बांध्यांतलं मालकाचं उभं धान बुडेल, खुंट्याला हात लावला तर पाय तोडीन. चौथ्या दिवशी पहाटे, कोंबडा आरवायच्या वेळी पाळ गेली.

"इस्तारी कुठी होता?" कुंतानं विचारलं.

"पाळीवर. माती टाकत होता. कुदळ हातात होती त्याच्या, खोटं नाई. पाळ वाचवाले नेली होती. तेच कुदळ कोर्टात दाखवली." ती थांबली. "मालगुजाराचे दोन मानसं साक्षीले होते. त्यायचं काई नाई. तिसरा आमच्यातला होता. आमच्याच जातीचा. त्याच्यानं सायेब पटला. मुखरू."

कुंताची पेन्सिल चालत होती ती थांबली.

मुखरू हा तिचा आजा. बापाचा बाप.

मी मध्ये काही बोलायच्या आत रुखमानं विचारलं, "तू कोनाची पोट्टी?"

खोटं बोलता आलं असतं. मी बोललो असतो. कुंता म्हणाली, "मी मुखरूचीच नात. पत्रूची पोरगी."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. "जिता हाये?"

"हाये."

"डोये?"

"दिसत नाई आता. दोन सालापासून."

"बरं," रुखमा म्हणाली. मग ती उठून खोपटात गेली आणि ताटीचं दार ओढून घेतलं. आम्ही थोडा वेळ बाहेर बसलो. दार उघडलं नाही.

परतीच्या पाच कोसांत कुंता एकदाच बोलली. "आमचं शेत पाळीखालतं हाये गुरुजी. मालगुजारानं आज्याले बक्षीस देल्लं होतं. कायचं बक्षीस, मी कदी इचारलंच नाई."

मुखरूला मी ओळखत होतो. दिवसभर अंगणात बसून हातानं चाचपत जाळं विणायचा. तलाव बंद, नाल्यावर जायला डोळे नाहीत, आणि तरी जाळं विणायचा. टोलीतली माणसं ती जाळी घेऊन जात. घरात तो कोणाशी बोलायचा नाही, फक्त नातीशी बोलायचा. कुंतानं त्याला दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि त्याच्या समोर बसून म्हणाली, "आजा, मी कोतवाल बुकातून नावं आनली हायेत. वाचू?"

हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. म्हातारा म्हणाला, वाच. तिनं तेवीस नावं वाचली. प्रत्येक नावाला तो हूं म्हणत होता. झिबल, हूं. सगुना, हूं. नावं संपली. त्यानं जाळं बाजूला ठेवलं.

"एक राह्यली," तो म्हणाला.

"कोन?"

"माझी पोरगी. तुह्या बापाच्या मांगची. आठ दिवसाची होती. नाव ठेवाचं होतं. कोतवालाच्या बुकात आलीच नोती, तं मरन कसं लिवन तो?"

मग त्यानं सांगितलं. तुडुमाची राखण त्याच्याकडंच होती. खुंटे त्यानंच ठोकले होते, मालगुजाराच्या हुकुमावरून. इस्तारी त्याला दोनदा सांगायला आला होता, मालकाला विचारू नको, खुंटे काढ. त्यानं काढले नाहीत. पाळ फुटल्यावर दिवाणजीनं त्याला वाड्यावर बोलावून विचारलं: खुंटे कोणाच्या हातात होते? सजा कोणाला व्हायची, तुला का इस्तारीला? त्याची स्वतःची पोर मातीत गेल्याला चार दिवस झाले होते. घरात पत्रू होता दोन वर्षांचा.

"मी भेलो," मुखरू म्हणाला. "आनखी का सांगू तुले."

कुंतानं सगळं लिहिलं. नाव-गावासकट.

दुसऱ्या दिवशी पत्रू शाळेत आला. वर्ग चालू होता. दारातूनच ओरडला, "गुरुजी, हे का शिकवून राह्यले तुमी? पोट्टी आपल्याच घराले आग लावून राह्यली! ते वही फाडा."

मी त्याला बाहेर नेलं, समजावलं. आणि मग मी तेच केलं जे भित्रा माणूस करतो. संध्याकाळी कुंताला बोलावून म्हणालो, "आजाचं नाव कशाला? 'एका साक्षीदारानं' असं लिही. तेवढ्यानं काही बिघडत नाही."

तिनं विचार केला. "मंग इस्तारीचं नाव कसं लिवू गुरुजी? त्याचं बी 'एक मानूस' लिवू का? चाळीस साल त्याचं नाव घेऊन शिव्या देल्ल्या सगळ्यायनं."

ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहायला मीच शिकवलं होतं.

शेवटी निकाल मुखरूनंच दिला. तो नातीला म्हणाला, चांद्याला वाचायच्या आधी इथं वाच.

कार्तिकातल्या एका दुपारी ढिवरटोलीतल्या मोहाच्या झाडाखाली सगळी टोली जमली. टोलीचा मुख्य लटारू. साठीचा, शांत माणूस. त्या पुरात त्याची आई आणि दोन बहिणी गेल्या होत्या. कुंता उभी राहिली आणि वही उघडून वाचू लागली. आधी कागदातले हक्क. मग सांडवा, मग खुंटे. मग नावं. नावं वाचताना बायका रडू लागल्या, कारण ही नावं एकत्र अशी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. प्रत्येक घराला आपापलं माणूस ठाऊक होतं, दुसऱ्याचं नाही. चोविसाव्या ठिकाणी ती म्हणाली, "मुखरू मारबते याची मुलगी, वय आठ दिवस, नाव नाही." मग तिनं साक्षीचा मजकूर वाचला.

मुखरू पत्रूचा खांदा धरून उठला.

"खरं हाये. खुंटे मीच ठोकले. साक्ष मीच देल्ली."

लटारूनं हळू आवाजात विचारलं, "इस्तारीनं तुहं का केलं होतं रे?"

"काई नाई."

"आमाले चाळीस साल त्या तलावात पाय बुडवू देल्ला नाई. आमच्या पोरायले इस्तारी म्हनून हाक मारते गाव. अन् तू आमच्यात बसून जाळे इनले?"

"हो," मुखरू म्हणाला.

कोणी मारलं नाही, कोणी अंगावर आलं नाही. ते झालं असतं तर बरं झालं असतं, असं पत्रू मला पुढं म्हणाला. टोलीनं तिथंच त्यांची जात बंद केली. विहीर बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. सगळे उठून गेले. झाडाखाली मारबत्यांच्या घरचे तेवढे उरले, आणि मी.

लटारू आणि आणखी दोघं बैलगाडी घेऊन रुखमाला आणायला गेले. टोलीत तिला घर बांधून देणार होते. ती आली नाही. म्हणाली, "त्या गावात मी पानी प्याले बी काई ठेवलं नाई." गाडी रिकामी परत आली.

मुखरूला त्या दिवसापासून ताप भरला. कुंता शेताकडच्या पाटातून पाणी आणायची, कारण विहिरीवर तिला चढू देत नसत. शाळेत ती येत होती. आता ढिवरांच्या मुलीही तिच्याजवळ बसत नव्हत्या. तिच्या आईला माहेरच्यांनी निरोप धाडला की सणाला येऊ नको. पत्रूनं पोरीशी बोलणं टाकलं. एकदा मी विचारलं, "कुंता, लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं, असं वाटतं का?" ती म्हणाली, "आजा आता रातचा झोपते गुरुजी. आदी झोपत नोता. पन बाबा जागा राह्यते." आणि पाटी पुसायला लागली.

अकराव्या दिवशी सकाळी म्हातारा गेला.

निरोप आला म्हणून मी शाळा सोडून दिली आणि गेलो. अंगणात तिरडी बांधलेली होती. ती पत्रूनं एकट्यानं बांधली होती. पंचेचाळीस घरांतून एक माणूस बाहेर आला नव्हता. कुडाआडून पोरं पाहत होती, त्यांनाही कोणी आत ओढून घेतलं. गावातली माणसं म्हणाली, ढिवरांच्या जातीतलं भांडण आहे, आम्ही कसं पडावं? ऊन चढेपर्यंत आम्ही वाट पाहिली. पत्रू, मी आणि मागून आलेला चैतू कोतवाल. तिघं. तिरडीला चौथा खांदा नव्हता.

कुंतानं पदरासारखी ओढलेली ओढणी कमरेला खोचली आणि मागच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"पोरीच्या जातीनं..." पत्रू म्हणाला. अकरा दिवसांत तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द. मग त्यानं पुढचा बांबू खांद्यावर घेतला.

ती बुटकी, तिच्या बाजूला तिरडी खाली झुकत होती. मी वाकून चाललो, चैतूही वाकून चालला. टोलीतून, मोहाच्या झाडाखालून, पाळीच्या कडेनं. सगळी दारं बंद होती. लटारूच्या घरापुढून जाताना मला वाटलं, हा तरी येईल. आला नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्याची आई त्याच पाळीखाली गेली होती.

निबंध मी पाठवला होता. माघात निकाल आला. पाचांत कुंताचं नाव नव्हतं. पहिलं बक्षीस एका किल्ल्यावरच्या निबंधाला मिळालं. तो निबंध मी पुढं पाहिला, ज्या पुस्तकातून उतरवला होता ते पुस्तक माझ्या कपाटात होतं. कुंताची वही टपालानं परत आली. शेवटच्या पानावर तांबड्या शाईत लिहिलं होतं: "मांडणी चांगली. परंतु विषय बालमनास अनुचित व गावातील सलोख्यास बाधक." आणि समासात, चोविसाव्या नावापुढं: "नोंदवहीत तेवीसच. चोविसाव्या मृत्यूस पुरावा काय?"

मंडळाच्या समितीत आमच्या मालगुजाराचा एक सोयरा होता, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. त्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. त्याला माझ्याजवळ लेखी पुरावा नाही.

कुंतानं तो शेरा वाचला. वही मिटून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "त्यायनं इचारलं ते बराबरच हाये."

ती सातवी पास झाली, वर्गात दुसरी. मी तिला पुढं शिकवायला निघालो होतो, मास्तरीण होण्यासाठी नॉर्मल स्कूलचा अर्जही आणला होता. पत्रूनं तो घेतलाच नाही. त्याचं एकच म्हणणं: शिकून जे झालं ते पुष्कळ झालं. लगीन मात्र जुळत नव्हतं. वीस कोसांतला एक ढिवर तिच्या घराशी सोयरीक करायला तयार नव्हता. अठ्ठावनच्या उन्हाळ्यात तिला पार सिरोंचाला दिली, गोदावरीकाठच्या तेलुगू बोलणाऱ्या घरात, जिथं पळसगोंदीचं नाव कोणी ऐकलं नव्हतं.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी लटारू माझ्याकडं आला. उभाच राहिला. म्हणाला, "गुरुजी, ते वही पायजे होती. तलावाचा लिलाव येऊन राह्यला. आमी सोसायटी करून राह्यलो ढिवरायची. वकील म्हंते, जुना हक्क दाखवा."

मी वही दिली. वाजिब-उल-अर्जाचा तिनं उतरवलेला मजकूर आणि दप्तराचा नंबर त्यात होता. त्यावरून वकिलानं पक्की नक्कल काढली. तहसिलीत सुनावणी झाली. दुसऱ्या वर्षी तलाव ढिवरांच्या सोसायटीला मिळाला. त्रेचाळीस वर्षांनी त्या पाण्यात ढिवरांची जाळी पडली. सोसायटीचे बत्तीस सभासद झाले. पत्रूनंही अर्ज केला होता. त्याचं नाव घेतलं नाही. पाळीखालचं शेत तो करत राहिला. टाकलं असतं तर खाणार काय होता?

माझी बदली एटापल्लीला झाली. गावातल्या जुन्या मोठ्या घरांनी वर अर्ज केला होता, की मास्तर मुलांना गावात तंटे लावायला शिकवतो. एकोणसाठच्या हिवाळ्यात शाळा तपासणीच्या कामानं मला सिरोंचाला जावं लागलं. कुंताचं घर शोधून काढलं. नदीच्या काठावर ती मासळी साफ करत बसली होती. कडेला पोरगी, सात-आठ महिन्यांची. मला पाहून उठली, हात धुतले, पाया पडली. अंगानं वाळली होती. नवऱ्याशी तेलुगूत बोलत होती, चांगलं बोलत होती.

मी सोसायटीचं सांगितलं. तिला ते कोणी कळवलं नव्हतं. ऐकून ती जराशी हसली. "म्हंजे वही कामी आली."

"तुझ्या बापाला घेतलं नाही."

"नाईच घेनार," ती म्हणाली. मग विचारलं, "ते स्पर्धा अजून होते का गुरुजी?"

"नाही. त्या एकाच वर्षी झाली. मग मंडळच बसलं."

"व्हाले पायजे होती." ती पुन्हा खाली बसली, पाट्यावरची मासळी उलटी केली. "पन मास्तरायनं पोरायले पयलेच सांगाव गुरुजी, का हे दुसऱ्याच्या घरचं शोधाले गेलं का आपल्या घरातून बी निंगते. तुमी मले रेघ ओढाले शिकवलं. हे नाई सांगतलं."

"मला माहीत नव्हतं कुंता."

"हो. ते बी खरं."

मी विचारलं, सांगितलं असतं तर लिहिलं असतंस का. पोरगी रडायला लागली तशी कुंतानं तिला मांडीवर घेतलं, थोपटलं.

"लिवलंच असतं," ती म्हणाली. "पन रुखमाबाईच्या घरी जाच्या आदी आज्याले इचारलं असतं. त्यानं सोता सांगतलं असतं मले. मी त्याले पकडलं, तसं नसतं झालं."

पलीकडून नवऱ्यानं हाक मारली. डोंगा निघत होता. ती पोरीला कडेवर घेऊन, टोपली डोक्यावर ठेवून वाळूतून खाली उतरली. मी अहेरीकडं जाणाऱ्या लाकडाच्या ट्रकमध्ये जागा मिळते का ते पाहायला नाक्यावर गेलो.